पोट्टु लावलेले डबे

सुंदरकाकांना समोर बघितलं की दिसत नाही, बाजूला बघितलं की थोडंफार दिसतं. त्यामुळे ते तुमच्याशी बोलताना तुमच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघतात. आम्ही नंगनल्लूरला राहायला आलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. जिन्यात भेटले, माझ्या कानामागे बघत हसले आणि म्हणाले, "मराठी बोलतां कीं तुम्ही घरांत! खालीं ऐकूं येतें. उदंड संतोष जाहला."

मी साताऱ्याची. माझा नवरा हेरंब बँकेत, त्याची बदली चेन्नईला झाली म्हणून आम्ही इथे आलो. असं मराठी मी आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. घरी जाऊन हेरंबला म्हटलं, "खालचे आजोबा बखरीतून बोलतात."

नंतर कळलं की ते तंजावरकडचे मराठी. कितीतरी पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं घराणं. घराबाहेर सगळा कारभार तमिळमध्ये आणि उंबऱ्याच्या आत हे मराठी. सगळी कॉलनी त्यांना आणि त्यांच्या बायकोला मामा-मामी म्हणते. मी काका-काकू म्हणायला लागले, तर गोदाकाकूंना 'काकू' या शब्दाची इतकी गंमत वाटली की त्या फोनवर आपल्या मुलीलाही सांगायच्या, "ही काकू बोलतें गे, काकू!"

काका चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. केसाएवढ्या बारीक रेघा मारण्यात सगळी नोकरी सरली. निवृत्त झाले आणि डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. आधी पेपर गेला, मग माणसांचे चेहरे, मग औषधाच्या पट्टीवरची नावं. ते याबद्दल रडगाणं गात नाहीत. एकदाच म्हणाले होते, "मी कागदाच्या मधोमध चित्र काढत असें, बाजूला मोकळी जागा. आतां देवानें मजला बाजूची जागा दिली."

स्वयंपाकघरात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. गोदाकाकू हिंदीच्या शिक्षिका होत्या, पण शाळेला जाण्याआधी त्यांची भाजी, आमटी, पचडी सगळं झाकून तयार असायचं. मग मुलीचं, रंजनीचं बाळंतपण आलं. रंजनी बंगळुरूला असते, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि आईने येऊन राहायलाच हवं होतं. काकांनी मात्र जायला साफ नकार दिला.

"ह्या घरांत मी भिंतीस हात न लावतां फिरतों," ते म्हणाले. "तेथें जाऊन काय, सोफ्यास धडकूं? तूं जा. मी राहीन."

"खाणार काय?"

"रांधीन."

गोदाकाकू इतक्या हसल्या की मला वर ऐकू आलं, म्हणून मी खाली गेले.

मी गिंडीला एका कंपनीत काम करते. आमच्या ऑफिसच्या दाराला कार्ड टेकवलं की दार उघडतं. कॅन्टीनला तेच, लिफ्टला तेच. तसलीच छोटी चिप आता स्टिकरमध्ये मिळते. रुपयाएवढी चकती, आत कागदासारखी पातळ तार, सेल नाही, काही नाही. फोनची पाठ तिला लावली की फोनला कळतं की ही अमुक चकती. आणि फोनमध्ये त्या चकतीसाठी आपला आवाज भरून ठेवता येतो. मी काकूंना म्हटलं, "तुम्ही प्रत्येक डब्याला एक लावा आणि बोलून ठेवा. काकांनी फोन टेकवला की तुमचा आवाज येईल."

"पोट्टु!" काकूंनी चकती बोटावर घेऊन कपाळाशी धरली. कुंकवाच्या टिकलीला तमिळमध्ये पोट्टु म्हणतात. "डब्यांस पोट्टु लावायचा म्हणतेस."

पहिल्याच संध्याकाळी आमची फजिती झाली. काकूंचं स्वयंपाकघर म्हणजे सगळं स्टील. लग्नात मिळालेले, मुलीच्या बारशाचे, नाव कोरलेले डबे. चकती चिकटवली, फोन टेकवला, तर काहीच नाही. काकांच्या चष्म्याच्या प्लॅस्टिकच्या घरावर लावली तर पटकन बोलली. स्टीलवर मुकी. वाचून पाहिलं तेव्हा कळलं की धातूला चिकटली की साधी चकती काम करत नाही. त्याकरता मागे काळसर जाड थर असलेल्या वेगळ्या चकत्या मिळतात. त्या मागवल्या. पाकीट येईपर्यंत काकूंनी मला रोज ऐकवलं, "तुझ्या यंत्रास स्टील चालेना. माझ्या सासूबाईंसही नवे डबे चालत नव्हते."

चकत्या आल्या आणि मग दोन दिवस त्या घरात नुसतं ध्वनिमुद्रण. मी डब्यांच्या झाकणांवर चकत्या चिकटवत होते आणि काकू काकांचा फोन तोंडाशी धरून बोलत होत्या. मला वाटलं होतं की त्या 'मीठ', 'साखर', 'तूरडाळ' एवढंच म्हणतील. पण काकूंना एका शब्दात थांबणं कधी जमलंय!

"हें मीठ. हात आखडून घाला. डॉक्टर काय बोलले तें आठवा."

"मिरच्या. रसवांगीस आठ, पण तुम्हांस सहा पुरे."

"हरबऱ्याची डाळ. भाजतांना समोर उभे राहा. रेडिओ ऐकायला जाऊं नका."

"धने. रसवांगीस मूठभर, रसमास चिमूट."

आणि साखरेच्या डब्यासाठी, काकांना मधुमेह असल्यामुळे, "ही साखर. हात काढा."

औषधांच्या डब्यांना लागल्या, कपाटातल्या शर्टांच्या हँगरना लागल्या, बाहेरच्या दाराला आतून एक लागली: "गॅस बंद केलात? किल्ली घेतलीत? मग जा." काका खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गोदे, तूं जातेस कीं राहतेस?"

काकू गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून खालच्या मजल्यावर संसार पूर्वीसारखाच सुरू झाला. माझ्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं. काकूंचा आवाज यायचा, "तुवरडाळ. एक पेला दोघांस. आतां एकटेच आहां, अर्धा." मग काकांचा, तमिळमध्ये 'बरं, बरं' म्हणत, "सरी, सरी. अर्धाच घेतों." पुन्हा काकूंचा, आणि पुन्हा काकांचा, "अगे, ऐकलें कीं!" पहिले काही दिवस डाळ करपली, भात चिकट झाला, फोडणीचा ठसका जिन्यात पसरला. पण माणूस ड्राफ्ट्समन. ओट्यावर कुठली वस्तू कुठे, कुठल्या अंतरावर, हे त्यांनी हातांनी मोजून पक्कं केलं. फोडणी तडतडण्याच्या आवाजावरून त्यांना कळायला लागलं की आता हिंग. आठवड्याभरात मला वाटीभर सांबार वर आलं, आणि ते चांगलं होतं.

गडबड झाली ती कनकामुळे. कनका दोन्ही घरी केर-लादी करते. तिला काकूंच्या आवाजाचं कोणी सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकघर झाडत होती, काका ओट्याशी उभे होते, आणि मामी बंगळुरूला गेलेल्या असताना फळीवरून मामींचा करारी आवाज आला, "हात काढा!" कनकाने केरसुणी टाकली आणि थेट माझ्या दारात. "अक्का! डब्बा पेसुदु! मामी डब्ब्यात बोलतात!"

मी तिला खाली नेऊन सगळं दाखवलं. भीती गेली, आणि तिच्या अंगात उत्साह संचारला. मामी येण्याआधी घर लख्ख दिसलं पाहिजे म्हणून तिने फळीवरचे सगळे डबे उतरवून पुसले, झाकणं घासली, उन्हात वाळवली आणि पुन्हा लावली.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला काका धापा टाकत वर आले. त्यांच्या ओठांवर, मिशीवर कॉफी.

"विद्युलते, हिनें बंगळुरूंत बसून साखरेचें मीठ केलें!"

"म्हणजे?"

"मी साखरेच्या डब्यास फोन लावला. ती बोलली, हात काढा. मी हात काढला नाहीं. कॉफींत एक चमचा घातला. अस्कें, सगळें मीठ!"

मला हसू आवरेना. एकतर काका चोरून साखर घालतात हे माझ्यासमोर उघड झालं होतं, आणि त्यांचा खरोखर असा समज झाला होता की गोदाकाकूंनी आधीच ओळखून सापळा लावून ठेवला. मी खाली जाऊन डबे उघडून पाहिले. कनकाने झाकणं अदलाबदल केली होती. चकत्या झाकणांवर, त्यामुळे मिठाच्या डब्यावर साखर बोलत होती, उडदाच्या डाळीवर हरभरा, आणि ओव्याच्या बरणीवर बडीशेप. संध्याकाळभर बसून आम्ही सगळ्या चकत्या झाकणांवरून काढून डब्यांच्या पोटावर लावल्या. त्यात कनकाही होती. तिने मात्र सांगितलं, "मामा, साखरेचं मी मामींना सांगणार नाही." काकांनी तिच्या दिशेने हात जोडले.

या सगळ्यात त्यांच्या मंडळाचं वार्षिक जेवण जवळ आलं. तंजावर मराठी घरांचं मंडळ, तेनामपेटला एका सभागृहात भरतं. प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो, आणि गोदाकाकूंची रसवांगी ठरलेली. रसवांगी म्हणजे लहान वांगी, तूरडाळ, चिंच, आणि भाजून वाटलेला धने-डाळ-मिरची-खोबऱ्याचा मसाला. मंडळाचे चिटणीस गुरुमूर्ती यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. फोन मोठ्या आवाजावर होता.

"सुंदरराव, यंदा गोदा नाहीं. तर रसवांगी दुसऱ्यास सांगतों. तुम्ही नुसते या. केळीं आणा, पुरे."

काकांची मान ताठ झाली. "केळीं? रसवांगी येतें. माझ्या घरांतून येतें."

"कोण करणार?"

"येतें म्हणालों ना!" आणि फोन ठेवला. मग भिंतीकडे, म्हणजे माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "काय बोलून बसलों मी?"

"काकूंना विचारा," मी म्हटलं.

"विचारलें तर ती तेथून दिवसभर सांगत बसेल, नाहीं तर करूंच नका म्हणेल. तिजला कळूं द्यायचें नाहीं. डब्यांस विचारूं."

आणि खरंच डब्यांना विचारलं. काकूंनी पाककृती अशी कुठे सांगितली नव्हती, पण ती तुकड्यातुकड्यांनी फळीभर विखुरलेली होती. धन्यांत एक वाक्य, मिरच्यांत एक, चिंचेत "लिंबाएवढी, मोठें लिंबू नव्हे", गुळात "रसवांगीस नखाएवढा, गोड करूं नका". काका एकेका डब्याला फोन टेकवत, ऐकत, पुन्हा ऐकत. सुट्या भागांवरून पूर्ण यंत्राचं चित्र काढायची त्यांना सवय होती. संध्याकाळपर्यंत त्यांच्या डोक्यात रसवांगीचा नकाशा तयार झाला.

आदल्या आठवड्यात सराव म्हणून थोडी केली. मी चाखली.

"कशी?"

"छान आहे. पण... धन्यांचाच वास येतोय."

काकांनीही चाखली. तोंड वाकडं केलं. "ही गोदेची नव्हे. डबा तर मूठभर बोलला. मी मूठभर घातले." मग एकदम थांबले. आपला उजवा हात उघडला, मिटला. त्यांचा पंजा चांगला रुंद आहे. उठून आत गेले आणि हातात एक हिरवी काचेची बांगडी घेऊन आले. काकूंची, रोजच्या वापरातली.

"ही तुजला होतें काय, पाहा."

मी घातली. जराशी घट्ट, पण गेली.

"मग मूठ तीच," काका म्हणाले. "आतां धने तूं घालायचे."

दुसऱ्यांदा केली ती माझ्या मुठीने, आणि घरभर वास सुटला. काका कढईसमोर उभे राहिले, डोळे मिटून.

जेवणाच्या दिवशी सकाळी मोठं पातेलं भरलं, वर झाकण, झाकणावर पंचा घट्ट बांधला. मी रिक्षा म्हटलं तर ऐकेनात. खड्ड्यांत रस्सा सांडेल, मेट्रो सरळ जाते. मेट्रोवर त्यांचं फार प्रेम. पूर्वी तिकीट खिडकीवर नोटा चाचपत उभं राहावं लागायचं, आता खिशातलं कार्ड टेकवायचं आणि चालू पडायचं, त्यात वाचायला काही नाही. मी पातेलं धरते म्हटलं, तेही नाही. "माझ्या घरांतून येतें म्हणालों. मीच नेणार."

नंगनल्लूर रोड स्टेशनच्या फाटकापाशी ते पातेलं दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभे. कार्ड शर्टच्या खिशात. मी पुढे होऊन काढून देणार, तोवर ते कमरेत वाकले आणि छातीचा खिसा त्या यंत्रावर टेकवला, देवासमोर वाकावं तसे. लाल दिवा. पुन्हा वाकले. पुन्हा लाल. मागे रांग तुंबली. स्टेशनवरचा नवीन नावाचा तरुण कर्मचारी धावत आला. "सार, खिशात आणखी कार्ड आहे का?" होतं. बँकेचं कार्ड त्याच खिशात, दोन्ही एकदम बोलायला लागली की यंत्राला कोणाचं ऐकावं कळत नाही. नवीनने परवानगी विचारून बँकेचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. काका तिसऱ्यांदा वाकले. टुणकन आवाज झाला, फाटक उघडलं, आणि मागच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"आंत काय आहे सार? प्रसादम?" नवीनने विचारलं.

"अजून ठरायचें आहे," काका म्हणाले.

तेनामपेटला उतरल्यावर बाहेर पडताना पुन्हा तसंच वाकले. आता सराव झाला होता.

सभागृहात केळीची पानं मांडली गेली. मंडळातल्या सगळ्यांत वडील म्हणजे सकवारबाई. त्या नऊवारी नेसतात, कमी बोलतात आणि पानावरचा पदार्थ कोणाच्या घरचा ते वासावरून सांगतात. वाढप झालं. सकवारबाईंनी रसवांगी भातावर कालवली, घास घेतला, आणि मान वर केली.

"गोदा आली काय बंगळुरूहून?"

"नाहीं," काका म्हणाले.

"मग हें कोणी केलें?"

"मी."

गुरुमूर्ती पापड हातात धरून तसेच. सकवारबाईंनी आणखी एक घास घेतला, मग पान पुढे सरकवलं. "अजून वाढ. मीठ उणें आहे."

"तो डबा फार ओरडतो," काका म्हणाले, आणि मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. कोणाचाच विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि त्याला फोन टेकवला. भरल्या सभागृहात गोदाकाकू बोलल्या, "हा चष्मा. ह्यानें दिसत नाहीं, पण चेहरा बरा दिसतो. घाला." लोक हसून हसून पानावर वाकले. चार बायका आपापले फोन घेऊन माझ्याभोवती जमल्या, चकत्या कुठे मिळतात विचारायला.

गुरुमूर्तींनी एवढ्यात बंगळुरूला फोन लावलाही होता. त्यांनी तो काकांच्या कानाशी धरला. मी शेजारीच होते. पलीकडे गोदाकाकू होत्या.

"रसवांगी केलीत म्हणे."

"केली."

"धने किती?"

"मूठभर. तूंच बोलून ठेवलेंस."

"कोणाची मूठ? तुमची कीं माझी?"

"विद्युलतेची. तुझी बांगडी तिजला होतें."

मग काकूंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "चांगली झाली होती?"

"सकवारबाईंनी दोनदां घेतली."

"माझी त्यांनीं एकदांच घेतली होती, गेल्या वर्षीं," काकू म्हणाल्या. त्यांना राग आला की हसू, मला कळलं नाही. काकांना कळलं असावं, कारण फोन ठेवल्यावर ते स्वतःशीच हसत राहिले.

रंजनीला मुलगी झाली. काकू दोन महिन्यांनी परतल्या. आल्या त्या चपला काढून थेट स्वयंपाकघरात. फळीवरची मांडणी काकांनी आपल्या सोयीने बदललेली होती. जड डबे खाली, रोजचे डाव्या हाताला. भांडण वर ऐकू आलं. "माझी हळद कोठें?" "डावीकडे." "डावीकडे कां?" "मजला तेथें सोपी." जेवायच्या वेळेपर्यंत तह झाला. बुधवारी आणि शनिवारी काका रांधणार, बाकीचे दिवस काकू. डबे काकांच्या मांडणीप्रमाणे राहतील, पण साखर काकूंच्या खोलीत. कनका गप्प राहिली होती, तरी काकूंनी डब्यातली पातळी बघूनच सगळं ओळखलं होतं.

आता बुधवारच्या सकाळी काकू मोकळ्या असतात. त्या चालायला जातात, कॉलनीतल्या दोन मुलींना हिंदी शिकवतात, आणि एकदा तर एकट्याच मरीनावर जाऊन भाजलेलं कणीस खाऊन आल्या. सांगताना त्यांचे डोळे लुकलुकत होते. "लग्नानंतर पहिल्यांदा बुधवारीं सकाळीं समुद्र पाहिला गे."

आणि काकांकडे बुधवारी मंडळातले दोन-तीन निवृत्त पुरुष येतात, रांधायला शिकायला. त्यांचे डोळे चांगले आहेत, तरी त्यांनाही डब्याला फोन लावून ऐकायला आवडतं. गेल्या बुधवारी गुरुमूर्तींनी पहिल्यांदा रसम केलं. अगदी पाणीदार झालं होतं. काकांनी पेल्यात ओतून सगळ्यांना दिलं, मला वर हाक मारली, आणि आम्ही ओट्याशी उभं राहूनच ते प्यायलो. गुरुमूर्ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कोणी तरी म्हणालं, "आणखी आहे का?" तेव्हा कुठे ते खुर्चीत टेकले.